हेडाऊंच्या बोअरचा डबा

१

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. अशा एका बुधवारी दुपारी नागपूरलगतच्या वाडीतल्या जागेश्वर हेडाऊंच्या घराच्या मागच्या भिंतीवरून बोअरचा पॅनल चोरीला गेला.

पॅनल म्हणजे एक लोखंडी डबा. त्यावरचं हिरवं बटण दाबलं की जमिनीखालची मोटर पाणी वर ढकलते. डबा नाही तर मोटर नाही. मोटर नाही तर टाकी कोरडी, टाकी कोरडी तर कूलर कोरडा, आणि नवतप्यात कूलर कोरडा असलेला नागपूरकर फक्त आधार कार्डावर शिल्लक राहतो.

संध्याकाळी मला फोन आला. सदरला माझं वकिलीचं ऑफिस आहे. खून, दरोडे, घटस्फोट अशी चमचमीत प्रकरणं माझ्याकडे येत नाहीत. येतात ते अकरा महिन्यांचे भाडेकरार. घरमालक आणि भाडेकरू या जगातल्या दोनच जाती आहेत, असं माझं आता मत झालं आहे, आणि दोघांशीही बोलून मी थकलो आहे.

"श्रीधर वकील बोलून राहिले काय? मी जागेश्वर हेडाऊ. नोटीस बनवा. खालच्या बाईले रविवारपर्यंत काढाचं आहे."

"अजून सात महिने आहेत कराराचे. झालं काय?"

"डबा नेला तिनं माझ्या बोअरचा. वायरी कापून."

"कोणी पाहिलं?"

"पाहाले काय लागते? सकाळीच पाण्यावरून तोंड चालवलं तिनं. साऱ्या लाईनीसमोर म्हणे, 'काका, एक दिवस तुमचीच मोटर बंद पडेल, मग समजेल.' अन् दुपारी पडली बंद. आता मी पण साऱ्या लाईनीसमोर चोर म्हटलं तिले. हिशोब बरोबर."

करारात एक कलम होतं. भाडेकरूने घराचं जाणूनबुजून नुकसान केलं, तर मुदतीआधी काढता येतं. ते कलम मीच घातलं होतं. खरं तर दुसऱ्या करारातून उचललं होतं, पण उचललेलं कलमही कोर्टात पुरावा मागतं.

"उद्या येतो," मी म्हणालो. "तोवर नवा डबा लावून घ्या. पाणी तर येऊ द्या."

"नवा काहून? ज्यानं नेला त्यानंच आणून लावावा."

या तत्त्वापायी सगळं घर, ते स्वतः धरून, त्या रात्री पाण्याशिवाय झोपलं.

२

अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगा ओलांडून आत वळलं की वाडीत गोदामांच्या मागे लेआउट सुरू होतात. हेडाऊंचं घर दुमजली. वर ते स्वतः राहतात, खालचा ब्लॉक भाड्याने. त्यांचे वडील उमरेडला मागावर लुगडी विणत. माग विकून त्यांनी हा प्लॉट घेतला, त्यामुळे प्लॉटच्या बाबतीत जागेश्वरराव फार हळवे आहेत आणि प्लॉटवरच्या माणसांच्या बाबतीत अजिबात नाहीत.

त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. भिंतीवर चार स्क्रूची भोकं आणि लोंबणाऱ्या वायरी. वायरी ओरबाडलेल्या नव्हत्या, पकडीने नीट कापलेल्या होत्या. बरोबर वर, पहिल्या मजल्याच्या खिडकीत, एक भलामोठा कूलर बाहेर पोट काढून बसला होता. त्याच्याखाली सिमेंटच्या ओट्यावर पाण्याचा जुना पांढरा डाग होता आणि त्या डागावर एक काळं कुत्रं आडवं पडलं होतं.

"हा ढब्बू," जागेश्वरराव म्हणाले. "फुकटाचा भाडेकरू."

"कूलरला पाईप नाही दिसत."

"माझ्या घरात कोणाच्याच कूलरले पाईप नाही. पाईप लावला की माणूस नळ सुरू करून झोपते अन् टाकी वाहून जाते. बादलीनं भरा. भाडेकरू असो का घरचा, नियम एकच."

खालच्या ब्लॉकचं दार उघडंच होतं. प्रियदर्शनी भोयर, वय तिशीच्या आसपास, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिलिंगला. नवरा सुरतेला कामाला. घरात ती आणि सासू. सासूच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. वॉकर पलंगाला टेकवून ठेवला होता.

"बसा वकीलसाहेब. पाणी देऊ शकत नाही, माफ करा. पिण्याचं आहे ते आईंच्या गोळ्यांपुरतं."

"डबा तुम्ही नेला?"

"मी काय करू त्याचं? डोक्यावर ठेवून नाचू?" मग ती खुर्चीवर बसली. राग लगेच ओसरला, कारण रागालाही शक्ती लागते. "हे पाहा, डॉक्टरनं सांगितलं, जिना नाही अन् खाली बसायचं नाही. तळमजला पाहिजे अन् कमोड पाहिजे. हिंगण्यापासून इथपर्यंत पाहिली घरं. तळमजला आहे तिथं कमोड नाही, कमोड आहे तिथं दुसरा मजला. दोन्ही आहे तिथं 'एकट्या बाईले देत नाही.' हे मिळालं तेव्हा मी देवाले नारळ फोडला. अन् हेच घर जावं म्हणून मी डबा चोरीन?"

तर्क चांगला होता. पण चांगले तर्क मी खोटं बोलणाऱ्यांकडूनच जास्त ऐकले आहेत.

"जागेश्वरराव म्हणतात, काल दुपारी तुमचा कूलर बंद होता. सगळी लाईन कूलर लावून झोपली होती. तुमच्याच घरात लोक जागे होते."

"हाफ डे घेऊन आले होते. कूलर बंद होता, कारण आईंच्या पायाले त्याची हवा लागते अन् रात्रभर कण्हतात. ओली चादर टाकून बसलो होतो फॅनखाली. कूलर लावून झोपलं की माणूस सज्जन, अन् नाही लावला की चोर काय?"

पलंगावरून सासूचा, रुख्माबाईंचा आवाज आला. "आमाले कोण झोपू देते बापू. ते कुत्रं आलं न घरात."

"कुत्रं?"

"ढब्बू. चहाच्या टायमाले, जीभ लोंबवत. थेट मोरीत जाऊन बसला. मी म्हटलं, काहून रे, तुले वर एसी आहे न फुकटचा? वॉकरनं हाकललं त्याले, तरी ऐकेना. ओल पाहिजे होती त्याले."

"आई, वकीलसाहेबाले कुत्र्याचं काय करायचं आहे?" प्रियदर्शनी म्हणाली.

खरंच काही करायचं नव्हतं. मी कागद काढला आणि वर गेलो.

३

वर तुपाचा वास होता. जागेश्वररावांच्या पत्नी शामलाकाकू स्वयंपाकघरात पुरणाचे गोळे तुपात तळत होत्या.

"अधिक महिना आहे न वकीलसाहेब. जावई आले आहेत. धोंडे द्यायचे." एक ताट झाकून ठेवलेलं होतं, त्यात तेहतीस अनारसे असणार, मोजायची गरज नव्हती. "तीन वर्षांनी येते हा महिना. जावई म्हणजे विष्णू."

विष्णू सोफ्यावर बसून मोबाईल पाहत होते. जितेंद्र, पस्तिशीचे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. उमरेडला जमिनीचे व्यवहार पाहतात. धोंडे घ्यायला एका दिवसासाठी आले होते आणि आठवडा होत आला होता.

"काल दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"मी?" त्यांना गंमत वाटली. "मामाजीच्या घरी जावई कुठे राहते साहेब? मागच्या खोलीत. जेवलो अन् पडलो. संध्याकाळी मामाजीचा आरडाओरडा ऐकला तेव्हाच उठलो."

"खिडकीच्या बरोबर खाली डबा होता. काही ऐकू आलं नाही?"

"कूलर फुल होता न. बाजूले ट्रक उलटला तरी ऐकू येत नाही. अन् हवा अशी थंड, की मले पांघरूण घ्यावं लागलं."

"खरं आहे," शामलाकाकू म्हणाल्या. "सारी दुपार कूलरचा आवाज येत होता."

"तुम्ही पाहिलं त्यांना झोपलेले?"

काकूंनी झारा थांबवून माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न झालं आहे की नाही, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"अधिक महिन्यात झोपल्या जावयाच्या खोलीत कोणती सासू जाते हो? चहा पण नाही नेला. झोपू द्यावं माणसाले."

मी खोली पाहायला मागितली. मुलगी चिन्मयी मला घेऊन गेली. बारीक, शांत, नवऱ्यापेक्षा दहा वर्षं थकलेली. बुधवारी सकाळीच ती मावशीकडे उमरेड रोडला गेली होती, अंधार पडल्यावर परतली.

खोलीत मागच्या जिन्याला उघडणारं दुसरं दार होतं. कूलर चालू होता, म्हणजे पंखा चालू होता. पाणी नसल्याने तो गरम हवा फेकत होता. खिडकीच्या कठड्यावर कूलरचा छोटा निळा पंप पडला होता, वितळल्या प्लास्टिकच्या वासाचा.

"हा जळला?"

"काल. पाणी संपलं अन् कोरडाच फिरत राहिला, तर जळते न." तिने पंप उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "मी आले तेव्हा खोली भट्टी होती नुसती."

तिने हे माझ्याकडे न पाहता सांगितलं. मग दारात थांबून म्हणाली, "वकीलसाहेब, खालच्या आजीले खरंच काढून राहिले काय बाबा?"

"रविवारी."

"बरं," ती म्हणाली आणि निघून गेली. त्या एका शब्दात काय होतं, ते मला तेव्हा समजायला हवं होतं.

४

गोविंदा एजंट चौकातल्या टपरीवर तर्री पोहे खात होता. वाडीत कुठली खोली कधी रिकामी होते, ते मालकाच्या आधी गोविंदाला कळतं. प्रत्येक नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचं भाडं त्याचं. म्हणजे भोयरबाई गेल्या तर फायदा गोविंदाचा, हे त्यालाही मान्य होतं.

"मले फायदा आहे, मान्य आहे. पण पॅनल चोरून? ह्या उन्हात? साहेब, मी ग्राहकाले घर दाखवाले पण सहा वाजल्यानंतर नेतो."

"काल दुपारी कुठे होतास?"

"इथंच, फ्रिजला टेकून. विचारा याले." टपरीवाल्याने मान हलवली. "गोविंदा फ्रिजले टेकला की बिल वाढते माझं," तो म्हणाला.

"मग हेडाऊंनी सांगितलं असेल तुला, नवीन भाडेकरू बघ म्हणून?"

"हो न. आज सकाळी फोन आला. भाडं वाढवून मागा म्हणे. पण मी त्याइले म्हटलं, पहिले तुमच्या घरात एकमत करा बापा. सासरा म्हणते पाहा, जावई म्हणते पाहू नका."



"जावई काय म्हणाले?"

"हेच. 'खालचा ब्लॉक खाली होऊन राहिला, पण तू कोणाले आणू नको.' मी विचारलं काहून, तर म्हणे तुले काय करायचं, तुझी दलाली मी देतो. आता फुकटची दलाली कोणाले कडू लागते? पण मन खाते साहेब माझं. सदरचा एक बिल्डर मागं या लाईनीतले प्लॉट पाहून गेला, तेव्हा हेच जावईबापू त्याच्या गाडीत मागं बसले होते."

"कधी सांगितलं जितेंद्रने तुला हे?"

गोविंदाने तर्री पुन्हा मागवली आणि विचार केला.

"मंगळवारी. हो, मंगळवारच. बुधवारी तर डबा गेला."

५

शुक्रवारी सकाळी मी जागेश्वररावांना गच्चीवर नेलं. रिकाम्या टाकीची अडीच फूट सावली होती, तिच्यात आम्ही दोघे उभे राहिलो.

"नोटीस आणली?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी ऐका. बुधवारी दुपारी सगळे एक गोष्ट धरून चालले. कूलर चालू, म्हणजे माणूस आत झोपलेला. कूलर बंद, म्हणजे माणूस जागा आणि काहीतरी करतोय. तुम्ही, काकू, सगळी लाईन. मी सुद्धा. आपण नागपूरचे आहोत, दुसरं सुचणारच नाही."

"मग?"

"मागच्या खोलीतला कूलर दुपारभर चालू होता, हे खरं. पण तुमच्या नियमाप्रमाणे तो बादलीने भरावा लागतो. सकाळी भरला तर नवतप्यात दुपार उलटायच्या आत कोरडा होतो. आत माणूस झोपला असेल तर गरम हवेने जागा होतो, शिव्या देतो आणि पाणी ओततो. बुधवारी कोणी ओतलं नाही. पंप कोरडा फिरून जळला. तुमची मुलगी आली तेव्हा खोली भट्टी झाली होती. आणि जावईबापू मला सांगतात, पांघरूण घ्यावं लागलं."

त्यांनी बाहीने मानेवरचा घाम पुसला.

"ढब्बू रोज त्या कूलरच्या गळतीखाली झोपतो. बुधवारी चहाच्या वेळी तो रुख्माबाईंच्या मोरीत जाऊन बसला, ओल शोधत. म्हणजे गळती थांबली होती. त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं. मागचा जिना थेट अंगणात उतरतो, डब्याशेजारी. काकू जावयाच्या खोलीत जाणार नाहीत, हे जावयाला माहीत होतं. कूलरचा आवाज ठेवला की बास."

"कोणी दुसरा येऊन डबा नेला असेल. जावई कुठे बाहेर गेले असतील, सांगाले विसरले असतील."

"बाहेर गेले होते तर मला झोपलो होतो असं का सांगितलं? आणि मंगळवारीच, चोरी व्हायच्या आदल्या दिवशी, गोविंदाला सांगितलं की खालचा ब्लॉक रिकामा होणार आहे, नवा भाडेकरू आणू नको. बुधवारी सकाळी भोयरबाईंचं आणि तुमचं भांडण झालं, ही फक्त त्यांची सोय झाली. पाण्यावरून तुमचं भांडण रोजच होतं. बिल्डरला प्लॉट रिकामा पाहिजे. तुम्ही विकणार नाही. पण भाडेकरू गेला, भाडं थांबलं, की म्हातारा माणूस किती दिवस अडून बसणार, असा तो हिशोब."

रस्त्यावर एक ट्रक उलटा येत होता. त्याचं बीप-बीप बराच वेळ चाललं.

"माझ्या बापानं माग विकून हा प्लॉट घेतला, वकीलसाहेब."

"माहीत आहे."

"अन् पोरगी त्याच्या घरी आहे." त्यांनी टाकीला हात लावला, भाजला, काढून घेतला. "मी त्याले चोर म्हटलं तर तो आज जाईन अन् तिले इथं टाकून जाईन. नाहीतर घेऊन जाईन, ते त्याहून वाईट. अधिक महिन्यात मी जावयाले चोर म्हणू?"

"मग भोयरबाईंना म्हणू नका."

"साऱ्या लाईनीले सांगून बसलो न! आता कोणीतरी चोर पाहिजे." आणि मग, हळू आवाजात, त्यांनी मला ते सांगितलं जे मी वीस वर्षांच्या वकिलीत कुठल्याही करारात घातलं नव्हतं.

"तिले विचारा. म्हणा, घरच्या लोकांसमोर फक्त कबूल कर. रागाच्या भरात झालं, चुकलं म्हण. मी माफ करतो. पोलीस नाही, काही नाही. करार वाढवतो, पुढची तीन वर्षं भाडं पण तेच. म्हातारीले कोणी हलवणार नाही."

६

निरोप मीच नेला. यापेक्षा वाईट निरोप मी नेले आहेत, पण ते टपालाने.

प्रियदर्शनी सासूच्या पायाला तेल लावत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

"मी नाही केलं, हे त्याइले माहीत आहे?"

"आता माहीत आहे."

"अन् तरी?"

"तरी."

रुख्माबाई म्हणाल्या, "नको वं प्रिया. मी जिना चढतो हळूहळू. नाहीतर गावी सोडून दे मले."

"गावी कमोड आहे काय आई?"

"वावर आहे."

"चूप बसा तुम्ही." तिने तेलाची वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि मला म्हणाली, "चला. मी म्हटलं तर तुमचा करार आजच होते न?"

"प्रियदर्शनीबाई, तुमचा वकील असतो तर नाही म्हणा असं सांगितलं असतं."

"माझा वकील असता तर त्याची फी कुठून दिली असती?"

वरच्या हॉलमध्ये सगळे होते. जितेंद्र सोफ्यावर, शामलाकाकू दारात, चिन्मयी भिंतीला टेकून. जागेश्वरराव खिडकीतून बाहेर पाहत होते.

प्रियदर्शनी मधोमध उभी राहिली. शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या मुलीसारखे तिचे हात बाजूला होते.

"डबा मीच काढला. रागात होते. चुकलं माझं."

शामलाकाकूंनी तोंडाला पदर लावला. मग जितेंद्र सोफ्यावर मागे रेलले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या मामाजी. गरीब लोक आहेत. माफ करून टाका."

"ताई," चिन्मयी म्हणाली, "मग ठेवला कुठे तुम्ही डबा?"

प्रियदर्शनीने माझ्याकडे पाहिलं. मी जागेश्वररावांकडे. या प्रश्नाचं उत्तर आमच्या कोणाच्याच कलमात नव्हतं.

"चिन्मयी, चूप," जागेश्वरराव म्हणाले.

"नाही बाबा, विचारू द्या न. लोखंडाचा एवढा मोठा डबा. आजीच्या पलंगाखाली आहे काय? पोळ्यांच्या डब्यात आहे काय?"

"फेकला," प्रियदर्शनी म्हणाली. "नाल्यात."

"खोटं काहून बोलता ताई?" चिन्मयीच्या हातात गाडीची किल्ली होती. तिने ती टेबलावर ठेवली, अलगद, जशी बाजारातून आल्यावर ठेवतात. "आमच्या गाडीच्या डिक्कीत आहे. कोपऱ्यावर गाडी उभी आहे तिथं. काल सकाळी अनारशाचा डबा ठेवायले डिक्की उघडली तर हा दिसला. फेकाले पण जीव नाही झाला यांचा. पाच हजाराचा माल आहे म्हणून."

जितेंद्र उठले. "तुले काही समजत नाही. मी आपल्याच भल्यासाठी..."

"कालपासून मी वाट पाहून राहिले," ती त्यांच्याकडे न बघता वडिलांना म्हणाली, "तुम्ही काय करता म्हणून. मले वाटलं तुम्हाले समजलं की बोलाल. तुम्हाले समजलं, अन् तुम्ही ताईंकडून वदवून घेतलं."

"तुझ्यासाठीच न वं पोरी. तुझा संसार..."

"मग मले विचारायचं होतं. संसार माझा आहे अन् घर ताईंचं जाते, असं कसं बाबा?"

शामलाकाकू आत गेल्या. भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

जितेंद्र बराच वेळ बोलले. बिल्डर, भाव, भविष्य, पाचव्या मजल्यावर सगळ्यांसाठी फ्लॅट. कोणी अडवलं नाही, कोणी ऐकलंही नाही. शेवटी ते बॅग आणायला मागच्या खोलीत गेले. जाताना त्यांनी विचारलं, "येतेस का?" चिन्मयी म्हणाली, "आज नाही. पुढचं मी ठरवीन." एवढंच त्यांचं बोलणं झालं.

डबा जागेश्वररावांनी स्वतः आणला, तापलेल्या डिक्कीतून, टॉवेलात धरून. इलेक्ट्रिशियनला फोन लावला. मग खालच्या ब्लॉकच्या दारात जाऊन उभे राहिले. माफी मागायची त्या घराण्यात सवय नसावी.

"पाणी आलं की पहिले तुम्ही भरून घ्या," ते म्हणाले. "करार मी वाढवतो. बोललो तसा. तीन वर्षं."

"करार वकीलसाहेब करतील," प्रियदर्शनी म्हणाली. "पण बुधवारी गेटवर उभं राहून चोर म्हटलं तुम्ही मले. साऱ्या लाईनीसमोर. उद्या मी इथूनच कामाले जाईन, इथूनच दूध आणीन."

"बरोबर आहे."

ते वळले आणि तडक गेटकडे गेले. मी मागोमाग. डोक्यावर टोपी नाही, पायात घरातल्या स्लिपर. गेट उघडून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "डबा भोयरबाईनं नेला नव्हता. मी खोटं बोललो. डबा माझ्या घरातल्याच माणसानं नेला होता."

दुपारचे बारा वाजून गेले होते. रस्त्यावर कोणीच नव्हतं. दोन्ही बाजूंची दारं बंद, पडदे ओढलेले, आणि प्रत्येक खिडकीत कूलर एका सुरात गरजत होता. एवढ्या आवाजात त्यांचं वाक्य त्यांच्या स्वतःच्या गेटपर्यंतही नीट पोहोचलं नसेल.

ते मागे फिरले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं.

प्रियदर्शनी दारात उभी होती.

"असं नाही काका," ती म्हणाली. "संध्याकाळी. लोक ओट्यावर बसतात तेव्हा."

जागेश्वररावांनी रस्त्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वकील म्हणून यातून काही पळवाट काढीन, अशी आशा असावी. मी बॅगेची चेन लावली.

गाडी सुरू करून वळवताना मला दिसलं, चिन्मयीने आतून प्लास्टिकची खुर्ची आणून गेटच्या आत ठेवली होती आणि जागेश्वरराव तिच्यावर बसले होते, हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून. ऊन उतरायला अजून खूप वेळ होता.